एक्सप्लेनर : साधी पिकअप घेऊन पहिल्यांदाच कच्च्या रस्त्यावर? निमगाव सावाच्या शिवारात रस्ता कसा निवडाल, कुठे थांबाल

शहरात 'पिकअप' म्हटले की हल्ली डोळ्यांसमोर येते ती इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स. जुन्नरच्या पूर्व भागात, निमगाव सावा, साकोरी, पारगाव, मंगरूळच्या पट्ट्यात, पिकअप म्हणजे कॅरेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघालेली बोलेरो. पहिली गाडी कच्च्या रस्त्यावर हौसेने उतरते, दुसरी रोज पोटासाठी. रस्ता मात्र दोघींचा एकच असतो.

नवी पिकअप घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला आहे. गाडीत काहीही बदल केलेला नाही, अनुभव नाही, मग सराव करायला सोपा कच्चा रस्ता कुठे मिळेल? पुण्याहून नारायणगाव साधारण ७५ किलोमीटर. तिथून पूर्वेला वळले की असे रस्ते गावोगावी आहेत. त्यातला कोणता तुमच्यासाठी आणि कोणता नाही, हे ओळखायचे कसे, ते पाहू.

थोडक्यात :
• ज्या रस्त्याने भरलेली, मागच्या चाकांवर चालणारी पिकअप आज गेली, तो रस्ता नवशिक्यासाठी ठीक.
• पावसात आणि शेताला पाणी सुरू असताना काळ्या मातीत गाडी घालू नका.
• शेतरस्ता शेतकऱ्याच्या वहिवाटीचा असतो. विचारल्याशिवाय आत शिरू नका.
• अंधार पडण्याआधी डांबरी रस्त्यावर परत या. हा बिबट्याचा पट्टा आहे.

'स्टॉक' पिकअप म्हणजे नेमके काय?

कंपनीतून बाहेर पडली तशीच असलेली गाडी म्हणजे स्टॉक. तिला उंच केलेले सस्पेन्शन नसते, खोल खाचांचे टायर नसतात, पुढे विंच नसते. बहुतेकांसाठी कायद्याच्या दृष्टीनेही हीच अवस्था सुरक्षित आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच अधोरेखित केले. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने गाडीपुढच्या लोखंडी बुल गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते. त्यामुळे 'आधी गाडी बदलू, मग शिकू' हा क्रम डोक्यातून काढून टाका.

स्टॉक गाडीला काय जमते, हे आकड्यांत पाहू. हायलक्सची लांबी ५.३२५ मीटर, रुंदी १.८५५ मीटर. व्ही-क्रॉस ५.२९५ मीटर लांब आणि १.८६० मीटर रुंद. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर तीन मीटरपेक्षा जास्त. यातून तीन गोष्टी निघतात.

पहिली, पोट टेकण्याची. जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची मोकळी जागा साधारण एक वीत असते. शिवाय चाके लांब-लांब असल्याने उंच बांध ओलांडताना पुढची चाके पलीकडे उतरतात आणि मधला भाग बांधावर बसतो. छोटी जीप जो बांध सहज ओलांडते, तिथे लांब पिकअप अडकू शकते.

दुसरी, शेपटीची. मागच्या चाकांच्या मागे हौद्याचा बराच भाग लोंबतो. ओढ्यात उतरून वर चढताना मागचा बंपर जमिनीला घासतो तो यामुळेच.

तिसरी, रिकाम्या हौद्याची. पिकअपचे मागचे पाटे वजन वाहायला बनवलेले असतात. हौदा रिकामा असला की मागची बाजू हलकी राहते, खडबडीत रस्त्यावर उडते आणि सैल मातीत मागची चाके जागेवरच फिरतात. तुमची गाडी फोर-बाय-फोर नसेल, तर हौद्यात मागच्या चाकांच्या वर शंभर-दीडशे किलो वाळूची पोती घट्ट बांधून ठेवा. फरक लगेच कळतो. वजन म्हणून मित्रांना मात्र हौद्यात बसवू नका. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसे बसवणे नियमात बसत नाही आणि एका धक्क्यात माणूस बाहेर फेकला जाऊ शकतो.

सोपा रस्ता ओळखायचा कसा?

एकच कसोटी सांगायची तर ती भरलेल्या पिकअपची. गावातली बोलेरो पिकअप मागच्या दोन चाकांवर चालते, टायर साधे असतात आणि हौद्यात टन-दीड टन माल असतो. ती ज्या रस्त्याने आज सकाळी बाहेर पडली, त्या रस्त्याने तुमची रिकामी फोर-बाय-फोर जाईलच.

ट्रॅक्टरचे तसे नाही. 'इथून ट्रॅक्टर जातो' असे कोणी सांगितले, तर ते होकारार्थी उत्तर समजू नका. ट्रॅक्टरचे मागचे चाक जवळपास माणसाच्या छातीला लागते आणि त्याचे पोट तुमच्या गाडीपेक्षा बरेच उंच असते. ट्रॅक्टर-ट्रॉलीने पाडलेल्या चाकोऱ्यांच्या मधला उंचवटा किती आहे, ते उतरून पाहा. चाकोरीच्या तळापासून त्या उंचवट्यापर्यंत हाताची वीत ठेवा. उंचवटा वितीच्या वर गेला तर तुमचे पोट टेकणार. वितीच्या खाली निदान चार बोटे राहत असतील तरच पुढे जा.

म्हणूनच वस्तीवर चौकशी करताना प्रश्न नीट विचारा. 'दादा, रस्ता पुढे जातो का?' असे विचारले तर बहुतेक वेळा 'जातो की' हेच उत्तर येते. रस्ता खरोखर जातही असतो, पायी किंवा दुचाकीने. त्याऐवजी 'माल भरलेली पिकअप या दोन दिवसांत इकडून गेली का?' आणि 'पुढे गाडी फिरवायला जागा आहे का?' असे विचारा.

दुसरा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण नवशिक्यांची फजिती जास्त तिथेच होते. अरुंद पाणंदीत समोरून उसाची ट्रॉली आली, तर सव्वापाच मीटरची गाडी दोनशे मीटर उलटी न्यावी लागते. दोन्ही बाजूंना घायपात किंवा बाभळीचे कुंपण असते आणि मागे बघायला फक्त आरसे असतात. त्यामुळे दगडांवरून गाडी चढवण्याआधी मोकळ्या मैदानात गाडी सरळ मागे घेण्याचा सराव करा.

रस्ता कोणाचा? पाणंद, शिवरस्ता आणि गाडीवाट

कच्चा रस्ता दिसला म्हणजे तो सर्वांसाठी खुला, असे नसते. गावाच्या शिवारात साधारण या प्रकारचे रस्ते सापडतात.

शिवरस्ता : दोन गावांच्या शिवेवरून जाणारा. महसुली नकाशावर असतो.
पाणंद : दोन्ही बाजूंच्या शेतांमधून जाणारी, बऱ्याचदा खोलगट वाट. आजूबाजूचे पाणी हिच्यातच उतरते, म्हणून पावसानंतर सगळ्यात उशिरा वाळते.
गाडीमार्ग : गाव नकाशावर दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला. रुंदी साधारण साडेसोळा ते एकवीस फूट.
पायमार्ग : एकेरी तुटक रेषा, रुंदी सव्वाआठ फूट.
बांधावरची वहिवाट : एका शेतकऱ्याला आपल्या शेतात जाण्यासाठी दुसऱ्याच्या बांधावरून मिळालेली वाट.

आता हे आकडे गाडीशी ताडून पाहा. सव्वाआठ फूट म्हणजे अडीच मीटर. गाडीची रुंदी १.८६ मीटर, त्यात आरसे धरलेले नाहीत. दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक फूट उरतो. म्हणजे पायमार्ग बाद. साडेसोळा फुटांचा गाडीमार्ग पाच मीटर रुंद असतो, तर गाडी ५.३ मीटर लांब. म्हणजे त्या रस्त्यावर ती आडवीसुद्धा मावत नाही, वळणे तर दूरच. शिवाय ही कागदावरची रुंदी झाली. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंच्या नांगरटीने रस्ता आत-आत सरकलेला असतो.

बांधावरच्या वहिवाटीचा विषय आणखी नाजूक. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ नुसार तहसीलदार असा रस्ता देऊ शकतात, पण तो शेतीच्या कामासाठी असतो. वाट अडवली गेली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली दाद मागता येते. मे २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करण्याचा आणि त्यांची नोंद सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' सदरात घेण्याचा निर्णय घेतला. एवढे निर्णय घ्यावे लागतात, यावरूनच गावात रस्त्याचा वाद किती खोल असतो, हे लक्षात यावे.

बरेच शेतरस्ते आजही केवळ दोन घरांच्या समजुतीवर चालू आहेत. बाहेरच्या गाड्या येऊन तिथे खड्डे पाडू लागल्या, ठिबकच्या नळ्या तुटू लागल्या, की जमीनमालक वाटेत बाभळीचे काटे टाकतो किंवा चर खणतो. तुम्ही पुण्याला परत येता. अडकतो तो पलीकडचा शेतकरी, ज्याचा माल त्याच वाटेने निघणार असतो.

घरबसल्या रस्ता कसा शोधाल?

राज्य सरकारच्या 'महाभूनकाशा' संकेतस्थळावर जिल्हा पुणे, तालुका जुन्नर आणि गाव निवडले की गट क्रमांकांच्या हद्दी दिसतात. कोणता रस्ता गटांच्या मधून जातो आणि कोणता थेट एखाद्या गटात शिरून संपतो, याचा अंदाज येतो. गटात शिरून संपणारा रस्ता म्हणजे कोणाच्या तरी अंगणातला रस्ता. तो सोडून द्या.

त्यानंतर तोच भाग उपग्रह छायाचित्रात पाहा. शक्य असेल तर एकाच जागेची एप्रिल-मेमधली आणि पावसाळ्यानंतरची अशी दोन छायाचित्रे ताडून पाहा. उन्हाळ्यात पांढरट, स्वच्छ दिसणारी रेषा पावसाळ्यानंतर हिरवी झाली असेल, तर त्या वाटेने रोजची वाहतूक नाही. बाराही महिने पांढरी राहणारी रेषा म्हणजे वापरातला मुरमाड रस्ता.

फोनवरचा दिशादर्शक मात्र आंधळेपणाने पाळू नका. जुन्नरमध्येच याचे ठळक उदाहरण आहे, नाणेघाट. सातवाहन काळापासूनचा हा व्यापारी मार्ग नकाशावर कोकणात उतरताना दिसतो. प्रत्यक्षात गाडी फक्त घाटमाथ्यापर्यंत जाते. खाली उतरते ती दगडी पायवाट.

माती वाचायची कशी?

जुन्नर तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून, धो-धो पावसाचा. पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होत जातो. त्यामुळे पूर्व भागातले रस्ते पावसाळ्यानंतर लवकर वाळतात. नवशिक्याने पूर्वेकडून सुरुवात करावी, ती यासाठी.

पण पूर्वेलाही माती एकसारखी नाही. माळावर मुरूम आणि उघडा काळा पाषाण, तर नदीकाठी खोल काळी जमीन. मुरमातून पाणी निचरून जाते. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते, टायरच्या खाचा गच्च भरते आणि टायर गुळगुळीत करून टाकते. अशा वेळी चारही चाकांना ताकद मिळाली तरी उपयोग नसतो, कारण चारही चाके एकदमच घसरतात.

सोपी चाचणी म्हणजे चाकोरीतली मूठभर माती उचलून दाबा. भुगा झाला तर पुढे जा. लाडवासारखा गोळा वळला तर मागे फिरा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती अवस्था पेरणीला उत्तम, पण गाडीला वाईटच.

हा धडा आम्ही चुकीच्या पद्धतीने शिकलो. एका डिसेंबरात मित्राची फोर-बाय-फोर पिकअप घेऊन आम्ही पूर्व जुन्नरमधल्या एका पाणंदीत शिरलो. पाऊस जाऊन दोन महिने झाले होते, वरची माती वाळून फुटलेली दिसत होती. शेजारच्या गव्हाला रात्रभर पाणी सुरू होते आणि ते पाझरून पाणंदीत उतरले होते, हे आमच्या गावीही नव्हते. वरचा पापुद्रा वीस मीटर टिकला. मग गाडी आसापर्यंत खाली गेली. घाबरून मित्राने अॅक्सिलरेटर दाबला आणि ती आणखी बसली.

जवळच्या वस्तीवरच्या एका बाबांनी ट्रॅक्टर आणून गाडी ओढली. तासाभरात आम्ही मोकळे झालो, पण पाणंद मोकळी झाली नाही. त्या संध्याकाळी त्यांची बाजाराला निघालेली कोथिंबीर होती आणि पिकअप आमच्या खड्ड्यांमुळे वस्तीपर्यंत येऊ शकली नाही. घरातल्या बायकांनी जुड्यांचे भारे डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणले. बाबांनी ट्रॅक्टरच्या डिझेलचे पैसे घेतले, वर एक रुपया घेतला नाही आणि एक शब्दही बोलले नाहीत. पुढच्या रविवारी मित्राने तिथे एक ब्रास मुरूम टाकून दिला. त्या दिवशीचा बाजार मात्र परत देता आला नाही.

निमगाव सावाच्या परिसरात कुठे जाता येईल, कुठे नको?

पहिला टप्पा, गावठाणातून वस्त्यांकडे जाणारे मुरमाड रस्ते : या भागात बरीच कुटुंबे गावठाणाबाहेर मळ्यांमध्ये राहतात. मळ्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दूध, शाळेची मुले, भाजीच्या पिकअप यांची रोज ये-जा असते. कच्च्या रस्त्यावर ब्रेक किती उशिरा लागतो, धूळ उडताना किती दिसते, अरुंद जागेत समोरच्याला वाट कशी द्यायची, हे इथेच शिकता येते. वेग ताशी पंधरा-वीस किलोमीटर. कोरडा घसा घेऊन पिकावर धूळ उडवत जाऊ नका. फुलोऱ्यातल्या भाजीवर बसलेली धूळ हे नुकसानच असते.

दुसरा टप्पा, बेल्हे आणि आणे पठाराची बाजू : निमगाव सावाहून उत्तरेला साकोरीमार्गे बेल्हे, पुढे कल्याण–अहिल्यानगर महामार्गावर गुळुंचवाडी आणि आणे घाट. वरचे पठार उघडे, कोरडे, दगडगोट्यांचे. जिथे वस्त्यांना जोडणारी वापरातली गाडीवाट आहे, तिथे दगडांवरून हळू चाक चढवणे, चढ-उतार, एका बाजूला कललेल्या रस्त्यावर तोल सांभाळणे असा सराव होतो. या बाजूला वन विभागाच्या जमिनीही आहेत. वनहद्दीचे दगड, फलक किंवा चर दिसला की थांबा. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात विनापरवाना शिरणे गुन्हा आहे.

पाटाच्या कडेचे रस्ते नकोत : कुकडी प्रकल्पात येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे अशी पाच धरणे येतात. त्यांच्या कालव्यांलगतचे सेवारस्ते उपग्रह छायाचित्रात सरळ, रुंद आणि मोहक दिसतात. पण ते जलसंपदा विभागाच्या देखभालीसाठी आहेत. एका बाजूला खोल पाणी, दुसऱ्या बाजूला भरावाचा उतार आणि वळायला जागा नाही. नवशिक्याने इथे जाऊच नये.

नदीपात्र नको : कुकडी आणि घोड नद्यांचे पात्र उन्हाळ्यात कोरडे दिसते. मात्र बंधारे भरण्यासाठी वरच्या धरणांतून पाणी सोडले जाते. आभाळात ढग नसतानाही पात्रात पाणी येऊ शकते. केटी बंधाऱ्यावरून गाडी नेण्याचे धाडस करू नका. ढापे घातलेले असोत की काढलेले, तो पूल नव्हे. कुकडीच्या काठी बोरी बुद्रुक येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर झालेल्या टोबाच्या उद्रेकाशी त्याचा संबंध जोडला जातो. चाकाखाली काय चिरडले जात आहे, हे नदीकाठी कळतही नाही.

भीमाशंकरचे जंगल नको : आंबेगाव तालुक्यात पश्चिमेला भीमाशंकर अभयारण्य आहे, शेकरूचे घर. ठरवून दिलेल्या रस्त्याबाहेर गाडी काढणे तिथे वन्यजीव कायद्याच्या कचाट्यात नेते. नाणेघाटाच्या माथ्यावरच्या गवताळ पठारावरही पावसाळ्यात गाडी उतरवू नका. एका चाकोरीचा व्रण कित्येक महिने राहतो.

वॉकी-टॉकीचा मोह नको : खोडदला जीएमआरटी ही जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या परिसरातल्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. दीडशे ते १,४५० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, अवकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ती टिपते. गाड्यांच्या ताफ्यात वापरले जाणारे वॉकी-टॉकी संचही याच पट्ट्यात बोलतात. दोन गाड्यांना एकमेकींशी बोलायला हात आणि हॉर्न पुरतात.

कोणता महिना, कोणती वेळ?

जून ते सप्टेंबर टाळा. दिवाळीनंतर रस्ते वाळतात, पण त्याच सुमारास ऊसतोड सुरू होते आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. रब्बीला पाणी सुरू असल्याने पाणंदी मधेच ओल्या असतात. मार्च ते मे हा काळ नवशिक्यासाठी सर्वांत सोपा. बरीच शेते रिकामी असतात, माती कडक असते आणि रस्ता लांबून दिसतो. ऊन मात्र कडक, त्यामुळे माणशी चार-पाच लिटर पाणी हवेच.

वेळेबाबत तडजोड नको. सकाळी आठनंतर शिवारात जा आणि दुपारी चार-साडेचारला परत फिरा. जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा उसाचा पट्टा बिबट्यांचा अधिवास बनला आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये हल्ल्यांतील मृत्यूंमुळे संतापलेल्या ग्रामस्थांनी मंचरजवळ पुणे–नाशिक महामार्ग रोखून धरला होता. ज्या गावांत लोक संध्याकाळनंतर मुलांना अंगणात सोडत नाहीत, तिथे अंधारात उसाकडेला वाकून टायर बदलत बसणे शहाणपणाचे नाही. बिबट्या किंवा त्याची पिल्ले दिसली तर गाडीतून उतरू नका, व्हिडिओसाठी मागे जाऊ नका. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

गाडी चालवताना काय लक्षात ठेवाल?

• अनोळखी तुकडा आधी पायी चालून पाहा. चालायचा कंटाळा आला तर तिथून परत फिरा.
• फोर-बाय-फोर असेल तर सैल रस्ता सुरू होण्याआधीच 'फोर-हाय' लावा, रुतल्यावर नव्हे. तीव्र चढ-उताराला 'फोर-लो'. बहुतेक पिकअपमध्ये डांबरी रस्त्यावर फोर-बाय-फोर चालू ठेवले तर वळणावर यंत्रणेवर ताण येतो. डांबर लागले की 'टू-हाय'.
• उतारावर पहिला गिअर आणि पाय क्लचवरून बाजूला. इंजिनच गाडीला धरून ठेवते.
• चढ-उतार नेहमी सरळ घ्या. तिरका घेतला की गाडी कलंडण्याचा धोका वाढतो. चार पावलांत एक पाऊल उंची, याहून जास्त चढ सुरुवातीला नको.
• अंगठे स्टिअरिंगच्या आत अडकवू नका. चाक दगडावर आदळले की स्टिअरिंग झटका मारते.
• वाहत्या पाण्यात शिरू नका. हायलक्स ७०० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते, असे कंपनी सांगते. तो आकडा स्थिर पाण्याचा आणि तळ पक्का असतानाचा समजा. इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या विम्यात सहसा धरत नाहीत.

गाडी रुतलीच तर?

पहिले काम म्हणजे अॅक्सिलरेटरवरचा पाय काढणे. चाक जागेवर फिरू लागले की प्रत्येक फेरीला खड्डा खोल होतो. उतरा, चाकांपुढची माती फावड्याने काढा, बारदान किंवा चपटे दगड घाला आणि शिरलात त्याच चाकोरीने गाडी मागे घ्या. दगडांसाठी कोणाचा बांध उकरू नका.

ट्रॅक्टर बोलावावा लागला तर दोर गाडीच्या मूळ टो हुकलाच बांधा. बंपर, स्टिअरिंगचे दांडे किंवा पाटे यांना बांधला तर गाडीचे काम वाढते. दोर आधी ताणून घ्यायला सांगा, झटका देऊ नका. दोरावर ओले पोते टाका आणि सगळ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट दूर उभे करा. दोर तुटून माणूस जखमी होणे, हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत वाईट अपघात.

गाडी निघाली की काम संपले, असे नाही. पाडलेले खड्डे बुजवा. नळी तुटली असेल तर सांगा आणि भरून द्या. ट्रॅक्टरचे डिझेल आणि वेळ याचे पैसे आपणहून विचारा.

निघण्यापूर्वी गाडीत काय हवे?

• एकाऐवजी दोन गाड्या, शक्य नसेल तर घरी रस्त्याचा नकाशा आणि परतीची वेळ कळवलेली
• हवा भरलेली स्टेपनी, जॅकखाली ठेवायला जाड फळी
• फावडे, दोन बारदाने, जाड दोर आणि दोन डी-शॅकल
• हवा भरायचा छोटा पंप (टायरमधली हवा कमी केली तर डांबरी रस्त्यावर येण्याआधी परत भरावी लागते)
• प्रथमोपचार पेटी, पाणी, टॉर्च
• ऑफलाइन नकाशा, आणि आपत्कालीन ११२ क्रमांक पाठ

राज्य सरकारने २०१८ मध्ये जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केले. जुलै २०२५ मध्ये शिवनेरी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. येणाऱ्या गाड्या वाढतच जाणार आहेत. शिवारातल्या पाणंदी मात्र तेवढ्याच आहेत आणि त्या बांधल्या गेल्या त्या माल बाहेर काढण्यासाठी. पहिल्या फेरीला दोन किलोमीटर गेलात, कोणाची वाट न अडवता परत आलात आणि वस्तीवरच्या माणसाने पुढच्या वेळी हात करून गाडी थांबवली, तर रस्ता बरोबर निवडला होता असे समजा.